भांडण अंशावर, उत्तर छेदात

११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसनने एकाच सामन्यात १३ गोल केले. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. १९५८च्या विश्वचषकात फ्रान्सच्या जस्ट फॉन्टेननेही १३च गोल केले होते, पण त्याला सहा सामने लागले. म्हणजे थॉम्पसन फॉन्टेनच्या सहापट भारी?

असं कोणीच म्हणणार नाही. थॉम्पसनसमोर अमेरिकन सामोआचा संघ होता आणि तो सामना ३१-० असा संपला. फॉन्टेनसमोर ब्राझील, पश्चिम जर्मनी, युगोस्लाव्हिया असले संघ होते. आकडा एकच असला तरी वजन वेगळं, हे आपल्याला लगेच कळतं. इतकं उघड उदाहरण असलं की आपण सगळेच शहाणे असतो. मेसी की रोनाल्डो, एम्बापे की हालँड असा वाद सुरू झाला की मात्र हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे. मग नुसते गोल मोजून एकमेकांच्या तोंडावर फेकले जातात.

शाळेतले अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. खेळाडूंच्या तुलनेत आपण सगळे अंशावर भांडतो: गोल किती, असिस्ट (गोलाआधीचा शेवटचा पास) किती, करंडक किती. पण अपूर्णांकाची किंमत छेदाशिवाय ठरत नाही. किती वेळात? किती संधींमधून? कोणाविरुद्ध? कोणत्या काळात? संख्याशास्त्र फुटबॉलमध्ये जे करतं त्यातलं निम्म्याहून अधिक काम योग्य छेद शोधण्याचं आहे.

पहिला छेद वेळेचा. 'दर सामन्याला गोल' हे माप सगळ्यांना माहीत आहे, पण ते फसवं आहे. शेवटची दहा मिनिटं मैदानात आलेल्या बदली खेळाडूच्या नावावरही एक सामना लागतो आणि पूर्ण ९० मिनिटं धावलेल्याच्या नावावरही एकच. म्हणून विश्लेषक 'दर ९० मिनिटांमागे' असा हिशेब करतात. एकूण गोल भागिले एकूण मिनिटं, गुणिले ९०. इतकं साधं.

पण यातही गंमत होते. २२ सप्टेंबर २०१५ रोजी जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून खेळताना रॉबर्ट लेवांडोवस्की मध्यंतरानंतर बदली म्हणून उतरला आणि वोल्फ्सबुर्गविरुद्ध त्याने नऊ मिनिटांत पाच गोल केले. दर ९० मिनिटांचं सूत्र त्या दिवसाला लावा: ४५ मिनिटांत पाच, म्हणजे ९० मिनिटांमागे दहा गोल. सूत्रात चूक नाही, पण उत्तराला अर्थ नाही. छेद फार लहान असला की अपूर्णांक फुग्यासारखा फुगतो. म्हणूनच अशा याद्यांमध्ये 'किमान अमुक मिनिटं खेळलेले' अशी अट असते. ती अट न दिसणारी यादी मी तरी पुढे वाचत नाही.

किमान मिनिटं किती हवीत, या प्रश्नाशी जरा थांबू, कारण बहुतेक वाद इथेच जन्माला येतात. समजा दोन आघाडीपटू आहेत, कौशल्याने अगदी जुळे. दोघांच्याही प्रत्येक फटक्यावर गोल होण्याची शक्यता दहात एक. दोघेही २० फटके मारतात. अपेक्षा प्रत्येकी दोन गोलांची. प्रत्यक्षात काय होईल? २०च्या २० फटके वाया जाण्याची शक्यता साधारण १२ टक्के निघते. चार किंवा त्याहून जास्त गोल होण्याची शक्यता साधारण १३ टक्के. म्हणजे अशा आठ जुळ्यांपैकी एक भोपळा घेऊन बसेल आणि एक चार-पाच गोल करून मोकळा होईल. पहिल्याबद्दल 'फॉर्म हरवला' असं छापून येईल, दुसऱ्याची किंमत वाढेल. दोघांच्या पायांत फरक काहीच नाही. आणि २० फटके म्हणजे मोठ्या आघाडीपटूचे जेमतेम पाच-सहा सामने.

यावर संख्याशास्त्राकडे एक सुंदर तोडगा आहे. थोड्या सामन्यांवरून आलेला आकडा जसाच्या तसा स्वीकारायचा नाही, तो सर्वसाधारण सरासरीकडे थोडा ओढायचा. कसा? समजा लीगमधले आघाडीपटू सरासरी ०.४ गोल दर ९० मिनिटांमागे करतात. आता प्रत्येक खेळाडूच्या हिशेबात दहा काल्पनिक सामने आणि त्यातले चार गोल मिळवून टाका. नवख्या पोराने पाच सामन्यांत पाच गोल केले आहेत, म्हणजे कागदावर सरासरी १. मिळवणीनंतर १५ सामन्यांत ९ गोल, म्हणजे ०.६. मुरलेल्या खेळाडूने ३० सामन्यांत २४ केले आहेत, कागदावर ०.८. मिळवणीनंतर ४० सामन्यांत २८, म्हणजे ०.७. क्रम उलटला! नवख्यावर अन्याय झाला का? नाही. त्याने अजून पुरेसा पुरावा दिलेला नाही, एवढंच. तोही ३० सामने याच वेगाने खेळला तर दहा काल्पनिक सामन्यांचं ओझं बरंच हलकं होईल. दहाच का, पाच किंवा वीस का नाहीत, असं कोणी विचारेल. तो आकडा जुन्या हंगामांची आकडेवारी तपासून ठरवता येतो. इथला दहा मी हिशेब सोपा जावा म्हणून घेतला आहे.

आता अंशाकडे. प्रत्येक गोल सारखा नसतो, आणि सगळ्यात वेगळा गोल पेनल्टीचा. अकरा मीटरवरून, समोर फक्त गोलरक्षक. साधारण चारपैकी तीन पेनल्टी गोलात जातात. शिवाय पेनल्टी मिळवणारा एक आणि मारणारा दुसराच, असं सर्रास होतं. म्हणून तुलना करताना पेनल्टी वगळून आकडे पाहायची पद्धत पडली आहे.

२०२२चा विश्वचषक घ्या. एम्बापेचे ८ गोल, मेसीचे ७. तसे जवळजवळ बरोबरीत. पण मेसीच्या सातपैकी चार पेनल्टीवर होते, एम्बापेच्या आठपैकी दोन. पेनल्टी काढल्या की ६ विरुद्ध ३. लगेच मेसीच्या चाहत्यांनी बाह्या सरसावू नयेत. मेसी त्या स्पर्धेत प्रत्येक मिनिट खेळला, त्याने तीन गोल दुसऱ्यांना करून दिले, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल त्यालाच मिळाला. गोल करणं हे त्याचं एकमेव काम नव्हतंच. पण 'गोल करण्यात कोण सरस' एवढाच प्रश्न असेल, तर ८ आणि ७ या आकड्यांनी जे झाकलं होतं ते ६ आणि ३ यांनी उघडं पाडलं.

पेनल्टी वगळणं ही झाली ढोबळ चाळणी. बारीक चाळणी म्हणजे अपेक्षित गोल, ज्याला हल्ली सगळे 'एक्सजी' म्हणतात. कल्पना अशी: गेल्या काही वर्षांतले हजारो फटके गोळा करा. प्रत्येक फटका कुठून मारला, गोलपोस्ट किती कोनात दिसत होता, पायाने की डोक्याने, आधीचा पास कसा होता, मध्ये बचावपटू किती होते, हे नोंदवा. मग नवा फटका पाहिला की विचारा, अशा प्रकारच्या शंभर फटक्यांपैकी किती आत गेले होते? सात गेले असतील तर या फटक्याची किंमत ०.०७. रिकाम्या गोलसमोर दोन पावलांवरून मारलेल्याची ०.९च्या घरात. पेनल्टीची साधारण ०.७६ ते ०.७९. एका खेळाडूच्या सगळ्या फटक्यांची बेरीज केली की कळतं, एखाद्या सर्वसाधारण खेळाडूने याच जागांवरून किती गोल केले असते.

हा आकडा वाचताना बहुतेकांची एक गल्लत होते. समजा एका खेळाडूचे एक्सजी २० आणि गोलही २०. दुसऱ्याचे एक्सजी १० आणि गोल १५. पुष्कळांना दुसरा जादूगार वाटतो, कारण त्याने अपेक्षेपेक्षा पाच जास्त केले. पण पुढच्या हंगामासाठी मला एकच निवडायचा असेल तर मी पहिला घेईन. चांगल्या जागी पुन:पुन्हा पोहोचणं हेच आघाडीपटूचं मुख्य कसब आहे, आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. अपेक्षेपेक्षा जास्त गोल करणं मात्र बहुतेकांच्या बाबतीत एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी खाली असं हेलकावत राहतं. वर पाहिलेलं नशीब ते हेच. नियमाला अपवाद असतातच, आणि त्यात मेसीचं नाव पहिलं. अनेक हंगाम सलग तो एक्सजीपेक्षा जास्त गोल करत राहिला. इतकी वर्षं नशीब कोणाची चाकरी करत नाही.

एक्सजीच्या बेरजेत एक खोडही आहे. फटका मारला, गोलरक्षकाने अडवला, चेंडू परत पायाशी आला, पुन्हा मारला. दोन्हींची किंमत ०.६ धरली तर बेरीज १.२. पण त्या एका चढाईत एकापेक्षा जास्त गोल होऊच शकत नाही! खरा हिशेब असा: दोन्ही वाया जाण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.१६. म्हणून निदान एक आत जाण्याची शक्यता ०.८४. चांगले विश्लेषक अशी दुरुस्ती करतात. घाईत बनवलेल्या तक्त्यांत ती नसते. शिवाय प्रत्येक कंपनीचं सूत्र थोडं वेगळं, त्यामुळे एकाच फटक्याची किंमत दोन ठिकाणी दोन दिसते. एका खेळाडूचा आकडा एका ठिकाणचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या ठिकाणचा घेऊन तुलना करायची नाही.

काळाचा छेद मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे नियमच बदललेले असतात. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला. त्याआधी पास दिला जाताना तो घेणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्याचे निदान तीन खेळाडू असावे लागत, नंतर दोन पुरू लागले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९२४-२५च्या हंगामात सगळे मिळून ४,७०० गोल झाले होते. पुढच्याच हंगामात ६,३७३. बचाव करणाऱ्यांना नवं गणित जमायला वेळ लागला, आणि त्याच मोकळ्या काळात एव्हर्टनच्या डिक्सी डीनने १९२७-२८ मध्ये एका लीग हंगामात ६० गोल केले. म्हणून डीन खोटा ठरतो का? मुळीच नाही. त्या काळात इंग्लंडच्या लीगमध्ये इतरही सगळे याच नियमाखाली खेळत होते आणि ६० कोणीच केले नाहीत. पण त्याचे ६० आणि हालँडचे २०२२-२३ मधले ३६ एका तराजूत टाकायचे तर तराजू आधी नीट करायला हवा.

एक उपाय म्हणजे त्या स्पर्धेतल्या सरासरीने भागणं. फॉन्टेनच्या बाबतीत करून बघू. १९५८च्या विश्वचषकात ३५ सामन्यांत १२६ गोल झाले, म्हणजे सामन्याला ३.६. २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२, म्हणजे सामन्याला २.६९. त्या प्रमाणात फॉन्टेनचे १३ गोल खाली आणले तर ९.७ येतात. म्हणजे आजच्या काटकसरीच्या जमान्यातही साधारण दहा. एम्बापेच्या आठपेक्षा जास्त, आणि तेही सातऐवजी सहा सामन्यांत. आता कोणी आठवण करून देईल की फॉन्टेनचे चार गोल तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात आले, जिथे दोन्ही संघ हातपाय मोकळे सोडून खेळतात. बरोबर आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुढची दुरुस्ती दारात उभीच असते. (त्याने ते सगळे गोल संघातल्या दुसऱ्या खेळाडूचे बूट उसने घेऊन केले होते. याची दुरुस्ती कशी करायची ते कोणत्याच सूत्रात नाही.)

दुसरा उपाय, खेळाडूचे गोल त्याच्या संघाच्या गोलांनी भागायचे. गर्ड म्युलरने १९७१-७२ मध्ये जर्मनीच्या बुंडेसलीगात ४० गोल केले, लेवांडोवस्कीने २०२०-२१ मध्ये ४१ करून तो विक्रम मोडला. दोघेही बायर्नचेच. म्युलरच्या हंगामात बायर्नचे १०१ गोल होते, लेवांडोवस्कीच्या हंगामात ९९. वाटा ३९.६ टक्के आणि ४१.४ टक्के. म्हणजे जवळपास सारखाच. पण म्युलर सगळे ३४ सामने खेळला आणि लेवांडोवस्की मुख्यतः दुखापतीमुळे २९च. तो बाहेर असताना बायर्नने केलेले गोलही त्या ९९ मध्ये आहेत, म्हणजे मैदानात असतानाचा त्याचा खरा वाटा याहून मोठा. डीनचा वाटा काढला तर डोळे विस्फारतात: एव्हर्टनच्या १०२ पैकी ६०, म्हणजे जवळजवळ ५९ टक्के. हालँडचा मँचेस्टर सिटीच्या ९४ पैकी ३६, म्हणजे ३८ टक्के. मात्र वाटा मोठा म्हणजे खेळाडू मोठा, असं समजू नका. कमकुवत संघात दुसरं कोणी गोल करणारंच नसेल तरी वाटा फुगतो. हे माप संघ एका खेळाडूवर किती विसंबून आहे ते सांगतं.

लीगच्या ताकदीचं काय? याचं उत्तर युरोपने कटू अनुभवातून शोधलं. युरोपियन गोल्डन शू हा पुरस्कार पूर्वी सरळ सर्वाधिक लीग गोल करणाऱ्याला मिळत असे, लीग कुठलीही असो. १९८६-८७ मध्ये तो रुमानियाच्या रोडियन कामातारूला ४४ गोलांसाठी मिळाला. हंगामाच्या शेवटच्या काही सामन्यांत त्याच्या गोलांचा असा पाऊस पडला की सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. पुढे ३९ गोल करणाऱ्या ऑस्ट्रियाच्या टोनी पोल्स्टरलाही त्या हंगामाचा बूट देण्यात आला. १९९१ नंतर पुरस्कार काही वर्षं बंदच राहिला. १९९६-९७ पासून तो परतला तो गुणांच्या हिशेबासह. आजचा हिशेब असा: युरोपातल्या पहिल्या पाच लीगमध्ये प्रत्येक गोलाला २ गुण, त्यानंतरच्या लीगना १.५, उरलेल्यांना १. त्यामुळे मोठ्या लीगमधले ३० गोल म्हणजे ६० गुण, मधल्या लीगमधले ३९ गोल म्हणजे ५८.५. ही पायरी ओबडधोबड आहे. पाचव्या आणि सहाव्या लीगमध्ये असा किती फरक असणार? तरी नुसत्या गोलांपेक्षा ती केव्हाही बरी.

आतापर्यंत सगळं आघाडीपटूंबद्दल झालं, आणि तीच खरी अडचण आहे. आकडे चेंडूभोवती गोळा होतात. सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण तासभर आणि मैदानावर माणसं २२. एका खेळाडूच्या पायाशी तो सरासरी दोन-तीन मिनिटं असतो. उरलेल्या वेळात बचावपटू जे करतो, म्हणजे जागा धरतो, वाट अडवतो, प्रतिस्पर्ध्याला पास द्यायलाच भीती वाटेल असा उभा राहतो, त्याची नोंद साध्या तक्त्यात होतच नाही. १९५६ पासून वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिल्या जाणाऱ्या बॅलन डी'ऑरच्या विजेत्यांमध्ये गोलरक्षक एकच आहे, १९६३चा लेव याशिन. मतं देणारी माणसं असतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढेही गोलच नाचत असतात.

टॅकल (समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावणं) मोजले तरी भागत नाही. समजा एका बचावपटूचे सामन्याला ४ टॅकल आहेत आणि दुसऱ्याचे २.५. पहिल्याच्या संघाकडे चेंडू ३५ टक्के वेळ असतो, दुसऱ्याच्या संघाकडे ६५ टक्के. टॅकल करता येतो तो चेंडू समोरच्याकडे असतानाच, म्हणजे पहिल्याला संधी ६५ टक्के वेळ, दुसऱ्याला ३५ टक्के. ४ भागिले ६५ म्हणजे ०.०६२. २.५ भागिले ३५ म्हणजे ०.०७१. दुसरा पुढे. आणि एवढं करूनही वारंवार टॅकल करावा लागणं हे चांगलं की आधीच जागा चुकल्याची खूण, हा प्रश्न उरतोच. त्यावर आता कॅमेऱ्यांनी सेकंदाला २५ वेळा सगळ्यांची जागा टिपून उत्तर शोधायचा प्रयत्न चालतो. आघाडीपटूंइतकी खात्रीची मापं बचावासाठी अजून नाहीत, हे मान्य करावं लागतं.

शेवटी एकच आकडा मागणाऱ्यांसाठी. गोल, संधी निर्माण करणं, चेंडू पुढे नेणं, बचाव या सगळ्यांची मोळी बांधून '१० पैकी ८.७' असे गुण देणारी कोष्टकं भरपूर आहेत. त्यातल्या प्रत्येक घटकाला किती वजन द्यायचं ते बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. गोलाला जास्त दिलं की रोनाल्डो वर, संधी निर्मितीला जास्त दिलं की मेसी वर. वजनं जाहीर नसतील तर तो आकडा म्हणजे गणिताचा सदरा घातलेलं मत. मतं असावीत, पण त्यांनी सदरा काढून बोलावं.

गोलरक्षकाचा छेद मुद्दाम शेवटी ठेवला. किती गोल खाल्ले हा त्याचा अंश, पण छेद आहे त्याच्यावर किती आणि कसे फटके आले हा. त्यासाठी गोलच्या दिशेने गेलेल्या प्रत्येक फटक्याची किंमत काढतात. चेंडू कोपऱ्यात गेला की सरळ हातात, तेही त्यात धरतात, आणि त्या बेरजेतून खाल्लेले गोल वजा करतात. उरलेलं त्याचं श्रेय.

त्या ३१-० च्या सामन्यात अमेरिकन सामोआच्या गोलमध्ये निकी सलापू उभा होता. पासपोर्टच्या नियमामुळे मूळ संघातला तो एकटाच पात्र ठरला होता. बाकी संघ ऐनवेळी गोळा केलेल्या पोरांचा, त्यातली काही तर अवघ्या १५ वर्षांची. नुसता अंश पाहिला तर त्याच्याइतका वाईट गोलरक्षक आंतरराष्ट्रीय फुटबॉलने पाहिला नसेल. २२ नोव्हेंबर २०११ रोजी अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ असं हरवलं, फिफाच्या नोंदीतला त्यांचा पहिला विजय. गोलमध्ये त्या दिवशीही सलापूच होता.